ऑल्ट-टॅब बडवत बसू नका, एका बटणात हवी ती विंडो समोर आणा

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर दिवसभर काय काय उघडं असतं बघा की एकदा मोजून. आमच्या कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या मशीन शॉपच्या ऑफिसात फायरफॉक्सात जीएसटीचं पोर्टल, लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये दरांची एक फाईल आणि चलनांची दुसरी, शिरोली एमआयडीसीतल्या पार्टीनं पाठवलेलं ड्रॉइंग पीडीएफमध्ये, मेल थंडरबर्डात, आणि व्हॉट्सअॅप तर विचारूच नका, ते मिटलं की धंदाच मिटला. अशात फोन वाजतो, पलीकडून "अहो त्या मागच्या बुशचा रेट काय लावलाता ओ" आणि इकडं आपण ऑल्ट-टॅब, ऑल्ट-टॅब, पुढं गेली, परत मागं, तोवर पार्टी म्हणते राहू दे नंतर करतो.

यात दोष तुमच्या बोटांचा न्हाई. ऑल्ट-टॅबचा क्रम हा शेवटी कुठली विंडो वापरली त्यावर ठरतो, म्हणजे तो दर मिनिटाला बदलतो, म्हणजे कॅल्क आत्ता दोन टॅबवर असेल तर चहा पिऊन आल्यावर चार टॅबवर. बोटांना सवय लागायला जागा पक्की लागते आणि इथं जागाच पक्की नाही. म्हणून आपण काय करायचं तर एक बटण एक प्रोग्राम असं ठरवून टाकायचं, कुठंही असा, ते बटण दाबलं की तोच प्रोग्राम पुढं आला पाहिजे, आणि उघडलेला नसेल तर उघडला पाहिजे. यासाठी लिनक्सवर चार-सहा ओळींची शेल स्क्रिप्ट, म्हणजे टर्मिनलच्या कमांड लिहिलेली साधी फाईल, पुरते, मोठं काही इन्स्टॉल करायची गरज नाही.

सुरू करायच्या आधी एक. कमांड मी देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलात त्या इंग्रजी स्मॉल अक्षरांत टाकायच्या, कुठं कॅपिटल लागलं तर मी तिथंच सांगेन. आकडे पण इंग्रजीच.

आधी हे बघा की तुमची मशीन एक्स११ वर चालते का वेलँडवर, लिनक्समध्ये स्क्रीनवर विंडो दाखवायच्या या दोन पद्धती, पहिली जुनी, दुसरी नवी. टर्मिनल उघडा आणि टाका:

एको $एक्सडीजी_सेशन_टाइप

यात डॉलरनंतरचं सगळं कॅपिटल. उत्तर एक्स११ आलं तर पुढचं सगळं जसंच्या तसं चालेल. लिनक्स मिंटचा सिनॅमन किंवा एक्सएफसीई डेस्कटॉप असेल तर बहुतेक हेच येतंय. वेलँड आलं तर वाचा पूर्ण, पण स्क्रिप्ट टाईप करायची घाई करू नका, त्याचं शेवटी सांगतो.

आता दोन छोटी टूल घ्यायची:

सुडो एपीटी इन्स्टॉल डब्ल्यूएमसीटीआरएल एक्सडूटूल

पहिल्याचं नाव जिभेला जड आहे पण टाईप करायला डब्ल्यू, एम, सी, टी, आर, एल अशी सहाच अक्षरं. दुसरं एक्स, डी, ओ आणि मग टूल, सगळं सलग. दोन्ही जुनी, हलकी, आणि उद्यमनगरातल्या धूळ खाल्लेल्या चार जीबीच्या मशीनवर पण पटकन चालणारी.

हे टाका:

डब्ल्यूएमसीटीआरएल -एल -एक्स

उघड्या सगळ्या विंडोंची यादी येईल. प्रत्येक ओळीत पहिला कॉलम म्हणजे विंडोचा आयडी, शून्य-एक्सनं सुरू होणारा हेक्स, म्हणजे सोळाच्या पटीत मोजलेला, आकडा. दुसरा, ती विंडो कुठल्या वर्कस्पेसवर, म्हणजे एकाच स्क्रीनवर अदलून बदलून येणाऱ्या कुठल्या टेबलावर, आहे तो नंबर, तो शून्यापासून मोजतात, आणि सगळ्या वर्कस्पेसवर दिसणारी असली तर उणे एक. तिसरा कॉलम क्लास. चौथा तुमच्या मशीनचं नाव, आणि उरलेलं सगळं टायटल, जे विंडोच्या वरच्या पट्टीत दिसतं ते.

आयडी, क्लास आणि टायटल, यातला फरक डोक्यात बसला की निम्मं काम झालं. गाडीमागं लिहिलेलं असतं बघा, आज "आई अंबाबाई प्रसन्न", दिवाळीत पोरानं दुसरंच काहीतरी चिकटवलेलं, ते टायटल. गाडी कुठल्या कंपनीची ते क्लास, ते बदलत नाही पण तसल्या गाड्या रस्त्यावर लई. आणि एमएच ०९ चा पूर्ण नंबर म्हणजे आयडी, एकदम एकमेव, पण विंडो बंद करून परत उघडली की पासिंग नवीन. म्हणून स्क्रिप्टमध्ये आयडी कायमचा लिहून ठेवायचा नाही, तो दरवेळी ताजा शोधायचा, आणि शोधायचा तो शक्यतो क्लासवरनं. इंटरनेटवर निम्म्या ठिकाणी टायटलवरनं शोधायला शिकवतात, मला ते पटत नाही. फायरफॉक्सात टॅब बदलला की टायटल बदललं. आणि मेलमध्ये कुणी "फायरफॉक्स चालत नाही" असा सब्जेक्ट टाकला तर तुमचं बटण थंडरबर्डात घेऊन जाणार.

क्लास दोन तुकड्यांचा असतो, मध्ये टिंब. फायरफॉक्सचा नॅव्हिगेटर.फायरफॉक्स, थंडरबर्डचा मेल.थंडरबर्ड, कॅल्कचा लिब्रेऑफिस.लिब्रेऑफिस-कॅल्क, मिंटमधल्या पीडीएफ रीडरचा एक्सरीडर.एक्सरीडर. पाठ करायची गरज नाही, यादीत बघून उचलायचं, स्पेलिंग जसंच्या तसं. यादीत ओळखू येत नसेल तर एक्सप्रॉप डब्ल्यूएम_क्लास टाका, यात एक्सप्रॉप स्मॉल आणि पुढचं कॅपिटल, कर्सरचं फुलीचं चिन्ह होईल, त्यानं हव्या त्या विंडोवर क्लिक करा, नाव छापून देतंय.

आता एका ओळीचा प्रयोग:

डब्ल्यूएमसीटीआरएल -एक्स -ए नॅव्हिगेटर.फायरफॉक्स || फायरफॉक्स

-ए म्हणजे ती विंडो पुढं आण, -एक्स म्हणजे क्लासवरनं ओळख. दोन उभ्या रेघांचा अर्थ, डावीकडचं जमलं नाही तरच उजवीकडचं कर. म्हणजे विंडो सापडली तर पुढं आली, नाही सापडली तर प्रोग्राम नवीन चालू झाला. स्मॉल-कॅपिटलचं इथं बघत नाही ते, आणि अर्धवट नाव दिलं तरी जुळवतं, पण नाव पूर्णच द्या, क्रोमचं उदाहरण पुढं येतंय त्यात कळेल का ते.

ही ओळ थेट कीबोर्ड शॉर्टकटच्या डब्यात टाकून बघाल तर चालणार नाही. तो डबा म्हणजे शेल नव्हे, त्याला त्या दोन रेघा कळत नाहीत, तो त्या रेघासुद्धा प्रोग्रामलाच देतो. म्हणून स्क्रिप्ट. होम फोल्डरमध्ये बिन नावाचा फोल्डर करा, त्यात जा नावाची फाईल करा, जे आणि ए, दोनच अक्षरं. आत हे:

#!/बिन/एसएच
के="$१"
शिफ्ट
डब्ल्यूएमसीटीआरएल -एक्स -ए "$के" || एक्झेक "$@"

एक्झेकचं स्पेलिंग ई, एक्स, ई, सी. पहिला शब्द दिला तो क्लास म्हणून बाजूला काढला, शिफ्टनं तो रांगेतनं हटवला, आणि उरलं ते सगळं म्हणजे प्रोग्राम उघडायची कमांड, तिच्यात कितीही शब्द असूदेत. बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला जागा सोडायची नाही, शेलला ती खपत नाही. फाईल सेव्ह करा आणि सीएचमॉड +एक्स ~/बिन/जा करून तिला चालायची परवानगी द्या.

मग मिंटमध्ये सिस्टिम सेटिंग्ज, कीबोर्ड, शॉर्टकट्स, कस्टम शॉर्टकट्स, तिथं नवीन ॲड करून कमांडच्या जागी स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता, म्हणजे /होम/ नंतर तुमचं युजरनेम, मग /बिन/जा, मग क्लास, मग प्रोग्राम. ~ हे चिन्ह इथं वापरू नका, ते उघडून पत्ता करायचं काम शेल करतो आणि इथं शेल नाही.

बटणं कुठली घ्यायची हे ज्याचं त्यानं ठरवावं, पण मी अक्षरांच्या नादाला लागत नाही. सुपर म्हणजे कीबोर्डवरचं विंडोजच्या चिन्हाचं बटण, आणि सुपर-एल, सुपर-डी वगैरे बऱ्याच डेस्कटॉपवर आधीच कशाला तरी लावलेले असतात, वर आपण मध्येच मराठी कीबोर्ड लावतो आणि मग अक्षर कुठलं मानायचं हा वेगळा घोळ. सुपर दाबून एफ१, एफ२, एफ३ असं घ्या, नुसत्या एफ२ ला कॅल्कमध्ये काम असतं पण सुपरबरोबर ते भांडत नाही. आमच्याकडं एफ१ ला पोर्टल, एफ२ ला दर, एफ३ ला चलन, एफ४ ला ड्रॉइंग, एफ५ ला व्हॉट्सअॅप. उबुंटूवाले म्हणतील आमच्यात सुपर-१ सुपर-२ नं डॉकमधले प्रोग्राम येतातच की. येतात, पण ते डॉकच्या क्रमानं, कुणीतरी आयकॉन हलवला की सगळं सरकलं, आणि दोन कॅल्क फायलींमधली हवी तीच फाईल त्यानं येत नाही.

व्हॉट्सअॅपला नेहमी गंडतं ते असं, की ब्राउझरमधला टॅब ही वेगळी विंडो नव्हे. डब्ल्यूएमसीटीआरएलला फक्त विंडो दिसतात, आतले टॅब नाहीत, म्हणजे व्हॉट्सअॅप तिसऱ्या टॅबमध्ये असेल तर त्याच्या दृष्टीनं ते अस्तित्वातच नाही. उपाय सोपा, त्याला स्वतःची विंडो द्यायची:

गूगल-क्रोम --अॅप=एचटीटीपीएस://वेब.व्हॉट्सअॅप.कॉम

असं उघडलं की ना पत्त्याची पट्टी ना टॅब, नुसतं व्हॉट्सअॅप, आणि क्लासचा पहिला तुकडा साइटच्या पत्त्यावरनं बनतो. दुसरा तुकडा मात्र गूगल-क्रोमच राहतो. म्हणून साध्या क्रोमसाठी नुसतं गूगल-क्रोम असं शोधलं तर कधी क्रोम येईल कधी व्हॉट्सअॅप, तिथं गूगल-क्रोम.गूगल-क्रोम असं दोन्ही तुकड्यांचं नाव द्यायचं. आणि टायटलमध्ये न वाचलेल्या मेसेजचा आकडा कंसात वरखाली होत राहतो, त्याचं काही देणंघेणंच राहत नाही कारण आपण टायटल बघतच नाही.

कॅल्कच्या दोन फायलींना मात्र टायटल बघावंच लागतंय, कारण क्लास दोघींचा एकच. तिथं दोन चाळण्या लावायच्या, आधी क्लास मग फाईलचं नाव:

आयडी=$(डब्ल्यूएमसीटीआरएल -एलएक्स | ग्रेप लिब्रेऑफिस-कॅल्क | ग्रेप दर | कट -डी' ' -एफ१ | हेड -एन१)
[ -एन "$आयडी" ] && एक्झेक डब्ल्यूएमसीटीआरएल -आय -ए "$आयडी"
एक्झेक लिब्रेऑफिस --कॅल्क "$होम/दर.ओडीएस"

यात दर हा शब्द खरंच देवनागरीत लिहिला तरी चालतं, फाईलचं नाव देवनागरीत असेल तर तसाच लिहायचा, कोट्समध्ये घातला की झालं. व्हेरिएबलची नावं मात्र रोमन अक्षरांतच, शेल तिथं देवनागरी घेत नाही. $होम हे कॅपिटलमध्ये. -आय म्हणजे पुढं जे देतोय तो आयडी आहे, नाव समजू नकोस. ही वेगळी फाईल म्हणून ठेवा, वर #!/बिन/एसएच ची ओळ घालून, नाव दर, परवानगी द्यायची आणि एफ२ ला लावायची. चलनाला हीच कॉपी करून नावं बदलायची.

आता ड्रॉइंग. पार्टी एका कामाची पाच-सहा पीडीएफ पाठवते, सगळी उघडी, नावं कुठलीतरी नंबरांची, लक्षात कोण ठेवणार. इथं मला असं पाहिजे होतं की एफ४ दाबलं की पहिलं ड्रॉइंग, परत दाबलं की दुसरं, असं फिरत राहावं. त्यासाठी जा ही स्क्रिप्ट थोडी वाढवू:

#!/बिन/एसएच
के="$१"
शिफ्ट
यादी=$(डब्ल्यूएमसीटीआरएल -एलएक्स | ग्रेप -आय "$के" | कट -डी' ' -एफ१)
[ -झेड "$यादी" ] && एक्झेक "$@"
आत्ता=$(प्रिंटएफ '०एक्स%०८एक्स' "$(एक्सडूटूल गेटअॅक्टिव्हविंडो)")
पुढची=$(प्रिंटएफ '%एस\एन' "$यादी" "$यादी" | ग्रेप -ए१ "$आत्ता" | सेड -एन २पी)
[ -झेड "$पुढची" ] && पुढची=$(एको "$यादी" | हेड -एन१)
डब्ल्यूएमसीटीआरएल -आय -ए "$पुढची"

ग्रेप -ए१ मधला ए कॅपिटल, बाकी सगळं स्मॉल. हीच स्क्रिप्ट सगळ्या बटणांना चालते, एकच विंडो असली तर तीच पुढं येते.

मधल्या दोन ओळींवर जरा थांबूया कारण तिथंच लोकं अडकतात. एक्सडूटूल आत्ताच्या विंडोचा आयडी साध्या दशमान आकड्यात देतं, आणि डब्ल्यूएमसीटीआरएल तोच आयडी हेक्समध्ये, शून्य-एक्स आणि पुढं आठ अक्षरं, कमी पडली तर डावीकडं शून्य भरून. दोन्ही एकाच विंडोबद्दल बोलतायत पण जुळवायला गेलं की कधीच जुळत नाही, आणि एरर पण येत नाही, नुसतं पहिल्याच ड्रॉइंगवर अडकून बसतं. म्हणून तो प्रिंटएफ. नंतरच्या ओळीत यादी मुद्दाम दोनदा एकाखाली एक लिहिलीय, आत्ताची विंडो शोधायची आणि तिच्या लगेच खालची उचलायची. यादी एकदाच असती तर शेवटच्या विंडोखाली काहीच मिळालं नसतं, दोनदा असल्यामुळं शेवटचीच्या खाली परत पहिली येते आणि चक्र पूर्ण होतं. आत्ताची विंडो यादीत नसेलच, म्हणजे तुम्ही दुसऱ्याच प्रोग्राममधनं येताय, तर सरळ पहिली.

आणि ही यादी विंडो ज्या क्रमानं उघडल्या त्याच क्रमात येते, सगळ्यात जुनी आधी. ऑल्ट-टॅबसारखी वापरावर हलत नाही. म्हणजे पहिलं उघडलेलं ड्रॉइंग कायम पहिलं, त्यामुळं एफ४ किती वेळा दाबायचं हे पण बोटांना पाठ होतं.

वर्कस्पेस वापरत असाल तर -ए तुम्हाला विंडो जिथं असेल त्या वर्कस्पेसवर नेतो. त्याच्या जागी कॅपिटल आर, म्हणजे -आर असा कॅपिटल, घातला तर विंडोच उचलून तुम्ही आहात तिथं आणतो. हिशोबाच्या मध्ये ड्रॉइंग बघायचं असलं तर मला दुसरा बरा वाटतो, फोनवर बोलत बोलत सगळा स्क्रीनच बदलला की माणूस गोंधळतो. नुसती वर्कस्पेस बदलायची तर डब्ल्यूएमसीटीआरएल -एस आणि नंबर, दुसऱ्या वर्कस्पेसचा नंबर १ हे विसरायचं नाही.

काहींना सकाळी मशीन चालू केली की सगळं आपोआप आपापल्या जागी पाहिजे असतं. होतं तेही, पण तिथं घाई नडते, प्रोग्राम उघडायला सांगितलं आणि लगेच पुढच्या ओळीत त्याची विंडो हलवायला गेलात तर विंडो अजून जन्मालाच आलेली नसते, त्यात लिब्रेऑफिस म्हणजे निवांत काम. ठरावीक दहा सेकंद झोपा काढण्यापेक्षा विंडो दिसेपर्यंत थांबायचं:

थंडरबर्ड &
अन्टिल डब्ल्यूएमसीटीआरएल -एलएक्स | ग्रेप -क्यूआय मेल.थंडरबर्ड; डू स्लीप १; डन
डब्ल्यूएमसीटीआरएल -एक्स -आर मेल.थंडरबर्ड -टी १

इथला -आर स्मॉल, तो नुसता विंडो निवडतो, आणि -टी तिला सांगितलेल्या वर्कस्पेसवर टाकतो. असं एकेकाचं खाली खाली लिहीत जायचं आणि ही फाईल स्टार्टअप अॅप्लिकेशन्समध्ये टाकायची. संध्याकाळी बंद करायला -सी आहे, तो प्रोग्रामला नीट सांगून बंद करतो, म्हणजे कॅल्क सेव्ह करू का विचारतं. किल मारायची सवय असेल तर ती इथं सोडा, चलनं सेव्ह न होता गेली की मालक तुम्हालाच धरतोय.

क्वचित लागणाऱ्या विंडोंना बटण देत बसू नका, पाच-सहाच्या पुढं बटणं लक्षात राहत नाहीत. त्यासाठी रोफी नावाचं टूल टाका आणि रोफी -शो विंडो हे एका बटणाला लावा, यादी येते, दोन अक्षरं टाईप केली की हवी ती विंडो, एंटर.

आता वेलँडवाले. तिथं डब्ल्यूएमसीटीआरएल -एल टाकलं तर यादी रिकामी येईल किंवा अर्धीच, फक्त जुन्या पद्धतीनं चालणाऱ्या विंडो दिसतील. हे बिघडलेलं नाही, मुद्दाम तसं आहे. एक्स११ मध्ये कुठलाही प्रोग्राम दुसऱ्याच्या विंडो बघू शकतो, हलवू शकतो, वर कीबोर्डची बटणं दाबल्याचं सोंग पण करू शकतो, आपल्या स्क्रिप्टची सगळी सोय त्या मोकळेपणावरच उभी आहे आणि सुरक्षेच्या हिशोबानं तोच धोका. वेलँडनं ते दार लावलं, आता हे काम ज्याच्या त्याच्या डेस्कटॉपलाच विचारावं लागतं. स्वे नावाचा विंडो मॅनेजर वापरत असाल तर स्वेएमएसजी '[अॅप_आयडी="फायरफॉक्स"] फोकस' एवढ्यात होतं. केडीईवर केडूटूल म्हणून एक्सडूटूलच्या वळणाचं टूल आहे. ग्नोमवर एक्स्टेन्शन घातल्याशिवाय गत्यंतर नाही. उबुंटूवर लॉगिनच्या वेळी कोपऱ्यातल्या गिअरमधनं एक्सऑर्ग, म्हणजे एक्स११, निवडायची सोय बरीच वर्षं होती, २५.१० पासनं ती काढली, त्यामुळं ऑफिसच्या मशीनला फक्त यासाठी नवीन उबुंटू चढवायचं असेल तर थांबा, मिंट घाला. मॅकवाल्यांना यातलं काहीच लागत नाही, ओपन -ए आणि अॅपचं नाव, उघडं असेल तर पुढं आणतो नसेल तर उघडतो. विंडोजवर हेच काम ऑटोहॉटकी करतं.

बटण दाबलं आणि काहीच झालं नाही तर आधी तीच कमांड टर्मिनलात चालवून बघा. तिथं चालतीय आणि बटणावर नाही, तर नव्वद टक्के पत्ता अर्धवट दिलाय किंवा परवानगी द्यायची राहिलीय. तिथंही नाही, तर एसएच -एक्स ~/बिन/जा आणि पुढं तुमचे शब्द, प्रत्येक ओळ चालताना छापून दाखवतो, यादी रिकामी दिसली तर क्लासचं स्पेलिंग चुकलंय. फिरवायचं टेस्ट करताना टर्मिनलच समोर असतं म्हणून आत्ताची विंडो कायम टर्मिनलच येणार, तिथं स्लीप ३; असं आधी लावा, एंटर मारा आणि त्या तीन सेकंदात ड्रॉइंगवर क्लिक करून बसा.